महूचा कोट आणि कोल्हापूरची भानुमती

महूला जायचा योग माझ्या नशिबात असेल असं कधी वाटलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लष्करात आहे. मध्यंतरी त्याचा एक कोर्स महूला होता. त्याला भेटायला बहीण, भाची आणि मी असे तिघे गोव्याहून निघालो. इंदूरला उतरलो, पोहे-जिलेबी खाल्ली, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या या जुन्या छावणीत दुपारी जेवायच्या वेळेला पोचलो.

प्रवासभर मायलेकींची धुसफूस चालू होती. भाची बी.कॉम. झालेली. हिशेबाची नोकरी मिळेल अशी घरच्यांची अपेक्षा. पण तिने जाहीर केलं होतं, की तिला नाटक-सिनेमाचे कपडे करायला शिकायचं आहे. वेशभूषा. बहिणीने कपाळाला हात लावला होता. "बी.कॉम. करून आतां कपडे शिंवप?" हे वाक्य मी मडगाव स्टेशनपासून इंदूरपर्यंत किमान दहा वेळा ऐकलं. भाची दर वेळी माझ्याकडे बघे. "मामा, तूंच सांग तिका." आणि मामा खिडकीबाहेर बघत बसे. खरं सांगायचं तर माझंही मत फारसं वेगळं नव्हतं. वेशभूषा हा काय शिकायचा विषय आहे? ड्रेपरीवाल्याकडे जायचं, पेटारा आणायचा, मापाचं सापडेल ते अंगात घालायचं. आम्ही जत्रेतली नाटकं अशीच केली होती.

असो. भाचा संध्याकाळपर्यंत मोकळा होणार नव्हता. म्हणून आम्ही बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मस्थळाचं दर्शन घ्यायला गेलो.

महूची छावणी १८१८ सालची. आदल्या वर्षाच्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि इंग्रजांचा तळ इथे पडला. या छावणीत रामजी सकपाळ हे सुभेदार सैन्याच्या शाळेत शिकवत. मूळचे ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगडजवळच्या आंबडव्याचे, म्हणजे आपल्या कोकणचेच. त्यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्माला आले. आज तिथे पांढऱ्या संगमरवराचं मोठं स्मारक आहे. २००८ सालच्या आंबेडकर जयंतीला त्याचं लोकार्पण झालं. गावाचं अधिकृत नावही २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, पण रिक्षावाल्याच्या तोंडी अजून महूच.

आम्ही पुतळ्यासमोर उभे होतो. माणसं येत होती, चपला काढून हात जोडत होती. भाची एकदम म्हणाली, "मामा, गांधीजींनी सूट काढला आणि बाबासाहेबांनी घातला. आणि सिनेमात दोघांचेही कपडे एकाच बाईने केलेत."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. ही बाई म्हणजे भानू अथैया. नाव मला माहीत होतं. गांधी चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेली पहिली भारतीय व्यक्ती, एवढी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली माहिती. पण रिचर्ड अॅटनबरोंचा 'गांधी' (१९८२) आणि जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) या दोन्ही चित्रपटांची वेशभूषा त्यांची, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी त्या पायरीवर बसून भाचीने मला जे सांगितलं, आणि गोव्यात परतल्यावर मी स्वतः जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर. त्याच वर्षी, पाचच महिन्यांनी, २८ सप्टेंबरला इथे इंदुरात आपल्या मंगेशीच्या दीनानाथांच्या घरी लता जन्मली. हा योगायोग पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

भानुमतीचे वडील अण्णासाहेब चित्रकार. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. बाबूराव पेंटर म्हणजे मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे त्यांनी रंगवलेले पडदे गाजलेले. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला. चित्रीकरणाआधी पात्रांची, त्यांच्या हालचालींची आणि त्यांच्या कपड्यांची रेखाटनं ते स्वतः काढत. आधी कागदावर माणूस उभा करायचा आणि मग त्याला कॅमेऱ्यापुढे आणायचं, ही रीत मराठी मुलखात तेव्हा सुरू झाली. त्याआधी आणि त्यानंतरही बहुतेक ठिकाणी राजा म्हटला की जरीचा झगा आणि राणी म्हटली की रविवर्म्याच्या चित्रातलं नऊवारी, असा हिशेब होता.

आपल्या संगीत नाटकांचंही तसंच. बालगंधर्वांचे शालू बघायला बायका येत. दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका झाले, तेव्हा पुरुषाने नेसलेलं लुगडं किती डौलदार दिसू शकतं हे लोकांनी पाहिलं. पण गंधर्वांनीच 'एकच प्याला'तली सिंधू रंगवताना ठिगळांचं लुगडं नेसलं, तेव्हा वेशभूषा म्हणजे नटवणं नव्हे, पात्राची दशा सांगणं, हेही मराठी रंगभूमीने दाखवून दिलं होतं. शिकवणारी शाळा तेवढी नव्हती. कंपनीत राहूनच सगळं शिकायचं.

भानुमती शिकली मात्र चित्रकला. वडील लवकर गेले. मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तिने शिक्षण घेतलं, पदक मिळवलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ सालच्या प्रदर्शनात तिची चित्रं होती. हा तोच ग्रुप, जो १९४७ मध्ये आपल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सौझांनी पुढाकार घेऊन काढला होता, आणि ज्यात पंढरपुरात जन्मलेले पण इंदुरात वाढलेले हुसेन होते. त्या पुरुषांच्या मेळ्यात ही एक बाई. चित्रकार म्हणून पुढे काय झाली असती कोण जाणे! पण पोट भरायला ती 'ईव्ज वीकली'सारख्या बायकांच्या साप्ताहिकात फॅशनची चित्रं काढू लागली. संपादकबाईंनी कपड्यांचं दुकान काढलं आणि हिला म्हटलं, काढतेस ते शिवूनही दाखव. तिने शिवून दाखवलं. नट्यांची पावलं त्या दुकानाकडे वळली, त्यांत कामिनी कौशल होत्या, आणि तिथून सिनेमा.

पुढची यादी तोंडपाठ असलेले वाचक असतील. 'सी.आय.डी.' (१९५६), 'प्यासा' (१९५७), 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२), 'गाइड' (१९६५). 'आम्रपाली' (१९६६) साठी त्या अजिंठ्याला जाऊन भिंतींवरची वस्त्रं बघून आल्या. ब्रह्मचारी (१९६८) मध्ये मुमताजची ती गच्च बसलेली नारिंगी साडी, जी नाचताना एक इंच हलत नाही, तीही यांचीच. अजिंठ्याचं उत्तरीय आणि ही साडी एकाच बाईच्या हातची, हे कळल्यावर मला जरा हसू आलं.

आता मुद्द्यावर येतो. या कामात शिकायचं काय असतं?

भाचीने मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. आधी संहिता वाचायची, शिवणयंत्र त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. कोणतं पात्र कोणत्या प्रवेशात, कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या वेळी येतं याचा तक्ता करायचा. मग प्रश्न विचारायचे. याच्याकडे कपड्यांचे जोड किती? ते धुतं कोण? कोट स्वतःच्या मापाचा आहे की कुणाचा मागून घातला आहे? शर्टाची कॉलर आधी झिजते की कोपर? या प्रश्नांची उत्तरं कथेत लिहिलेली नसतात, ती शोधावी लागतात. त्यासाठी जुने फोटो, चित्रं, पुतळे, आजीच्या ट्रंकेतलं लुगडं, आणि पुस्तकं. आपल्या मालवणच्या गो. स. घुर्यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला. रोशन अल्काझींनी पती इब्राहिम अल्काझींच्या नाटकांचे कपडे केले आणि १९८३ साली प्राचीन भारतीय वेशभूषेवर पुस्तक प्रसिद्ध केलं.

मग कापड. ते अंगावरून कसं पडतं, दिव्याखाली कसं दिसतं, घाम आला की काय करतं. मग मापं, कागदावरचा नमुना, स्वस्त कापडाची कच्ची शिलाई, ट्रायल, आणि शेवटी खऱ्या कापडाला कात्री. नाटक आणि सिनेमा यांत फरक आहे. नाटकात विसाव्या रांगेतल्या माणसाला कपडा कळला पाहिजे आणि दोन प्रवेशांमधल्या मिनिटभराच्या काळोखात तो बदलता आला पाहिजे. सिनेमात कॅमेरा काजाच्या टाक्यापर्यंत जातो. शिवाय चित्रीकरण उलटसुलट क्रमाने होतं. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी घेतला, तर त्या दिवशी कोट जुना हवा आणि महिन्याने नवा. म्हणून एकाच कपड्याचे तीन-चार जोड करायचे, एकेकाला वेगवेगळं म्हातारपण द्यायचं. चहाच्या पाण्यात बुडवून, पॉलिश-पेपरने घासून, पुन्हापुन्हा धुऊन. कुठलं बटण उघडं होतं याचे फोटो काढून ठेवायचे.

हे ऐकताना मला आमच्या गावच्या जत्रेतलं एक नाटक आठवलं. ऐतिहासिक. मी खलिता आणणारा जासूद, वाक्यं दोन. औरंगजेब झालेल्या आमच्या दादाने पाठ फिरवली आणि त्याच्या शाही झग्याला मानेपासून कमरेपर्यंत चकचकीत चेन! नाटकभर प्रेक्षक औरंगजेब पाठ केव्हा फिरवतो याचीच वाट बघत राहिले. त्याने बिचाऱ्याने जीव तोडून काम केलं होतं. तो त्या रात्री मंडपामागे जाऊन रडला, हे मला ठाऊक आहे. चुकीच्या कपड्याने नटाचं काय होतं हे मी पाहिलेलं आहे, आणि तरीही मी या विषयाला शिंपीकाम म्हणत होतो.

'गांधी'चं काम किती मोठं होतं बघा. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या पहिल्या वर्गातून उतरवलेला सुटाबुटातला बॅरिस्टर, मग काठेवाडी पागोटं-अंगरखा, मग पंचा. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी बाकीचे कपडे सोडले, ते कायमचे. म्हणजे कथेचा नायक कपडे बदलत बदलत देशाजवळ येतो. ती चढण किंवा उतरण कपड्यांनीच दाखवायची. जोडीला रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा, नेहरू, जीना, पटेल आणि हजारो माणसं. अंत्ययात्रेचं चित्रीकरण ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत झालं, त्यात सुमारे तीन लाख माणसं होती असं सांगतात. इंग्रजांचे गणवेश जॉन मॉलो यांच्याकडे होते. हे गृहस्थ लष्करी पोशाखाच्या इतिहासाचे पक्के अभ्यासक, आणि 'स्टार वॉर्स'च्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालेले. ११ एप्रिल १९८३ च्या रात्री लॉस एंजलिसला मॉलो आणि भानुताई या दोघांना मिळून ते पारितोषिक मिळालं.

आणि मग बाबासाहेब. मामूटींनी ती भूमिका केली. चित्रपटाला इंग्रजी भाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मामूटींना अभिनयाचा आणि नितीन देसाईंना कलादिग्दर्शनाचा. इथे कपड्यांचा अर्थ उलट्या दिशेने जातो. ज्या समाजाने काय नेसावं, किती नेसावं, कुठले दागिने घालावेत हे इतरांनी ठरवलं, त्या समाजातला मुलगा शिकून थ्री-पीस सूट घालतो, तेव्हा तो साहेबाची नक्कल करत नसतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांसमोर खास भाषण केलं. अस्पृश्यपणाची खूण पटवणारी गुडघ्यापर्यंतची नेसण आणि कथलाचे, चांदीचे जड दागिने टाकून द्या, लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा, कापड फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्याचा आशय. आणि तिथल्या तिथे कित्येक बायकांनी नेसण बदलली. आपल्याकडे वेशभूषेच्या इतिहासात राजेरजवाडे येतात, शालू-पैठण्या येतात. हा प्रसंग यायला हवा की नको?

रमाबाईंची एक आठवण सांगितली जाते. बाबासाहेबांच्या सत्काराला जायला धड लुगडं नव्हतं, म्हणून त्या शाहू महाराजांनी दिलेला फेटाच नेसून गेल्या. पडद्यावर रमाबाई उभी करायची तर हे लुगडं किती विरलेलं हवं, हा प्रश्न वेशभूषाकाराने स्वतःला विचारायचा असतो. आणि बाबासाहेबांचा कोट कडक इस्त्रीचाच का हवा, हाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेच्या दिवशी हाच माणूस पांढऱ्या कपड्यांत येतो आणि समोर लाखो माणसं पांढऱ्यात. तो दिवस कपड्यांनीसुद्धा लिहिलेला आहे.

लताबाईंचा उल्लेख मी मघाशी केला. मंगेशकर कुटुंबाने निर्माण केलेला आणि गुलजारांनी दिग्दर्शित केलेला 'लेकिन' १९९० सालचा. त्याच्या वेशभूषेसाठी भानुताईंना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच चित्रपटातल्या गाण्यासाठी लताबाईंना पार्श्वगायनाचा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघी, एक कोल्हापूरची, एक इंदूरला जन्मलेली आपली गोमंतकीय. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार 'लगान'चा, २००१ चा. 'लगान'ची गोष्ट पुन्हा १८९३ ची, आणि घडते एका इंग्रजी छावणीच्या छायेत. भीमराव तेव्हा दोन वर्षांचे होते. अशाच एका छावणीत त्यांचे वडील शिकवत होते. भानुताईंनी १८९३ साल असं दोनदा शिवलं, एकदा आफ्रिकेतल्या स्टेशनावरचं आणि एकदा हिंदुस्थानातल्या खेड्यातलं.

आता मन खट्टू करणारी गोष्ट. २०१२ साली भानुताईंनी ते ऑस्करचं मानचिन्ह अमेरिकेतल्या अकादमीला परत पाठवलं. राग म्हणून नव्हे. आपल्यामागे ते इथे नीट जपलं जाईल याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या मुंबईत गेल्या. साठ वर्षं देशाला कपडे घालणाऱ्या बाईला आपली एक वस्तू ठेवायला देशात खात्रीची जागा दिसली नाही. सिनेमाचे कपडे पुढच्या सिनेमात उसवून वापरले जातात, नाटकाचे पेटाऱ्यात कसर खाते. जे बघून शिकायचं तेच उरत नाही. आपल्या गोव्यात वेंडेल रॉड्रिक्सनी ही खंत ओळखली होती. कुणबी लुगडं त्यांनी २०१० मध्ये पुन्हा लोकांपुढे आणलं, गोव्याच्या पेहरावावर 'मोडा गोवा' हे पुस्तक २०१२ साली लिहिलं आणि कोलवाळच्या आपल्या घरात संग्रहालय उभारायला घेतलं. तेही फेब्रुवारी २०२० मध्ये अचानक गेले. एकाच वर्षात दोघं.

संध्याकाळी आम्ही छावणीच्या बाजारात हिंडलो. गणवेश शिवणाऱ्या टेलरांची दुकानं तिथे आहेत. भाच्याला कसलासा कोट घट्ट करून घ्यायचा होता. टेलरमास्तर म्हातारे, गळ्यात टेप. भाचीने त्यांना विचारलं, जुने लष्करी कोट इतके ताठ कसे बसतात? मास्तरांनी एक अर्धवट शिवलेला कोट उलटा करून तिच्यापुढे टाकला. छातीच्या आत कॅनव्हासचं अस्तर, त्यावर हाताने घातलेले तिरपे टाके, शेकड्यांनी. वरून त्यातला एकही दिसत नाही. मास्तर हिंदीत म्हणाले, की कोट माणसाला ताठ उभं करतो, पण कोटाला ताठ उभं करतं ते हे आतलं काम. भाचीने वही काढली आणि ती टाके मोजू लागली.

बहीण दुकानाच्या पायरीवर बसून बघत होती. बऱ्याच वेळाने तिने मला हळूच विचारलं, हें शिकपाक खंय वचचें पडटा? मी तिला सांगितलं, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, कपड्यांच्या शिक्षणाची निफ्ट १९८६ पासून आहे, आणि आपल्या पणजीत कला अकादमीत नाटकाचं शिक्षण मिळतंच, तिथे विचारून बघू. तिने मान हलवली. होकार नव्हता तो, पण "कपडे शिंवप" हे शब्द परतीच्या प्रवासात मी एकदाही ऐकले नाहीत.

भाची आता फॉर्म भरते आहे. घरातल्या जुन्या ट्रंका तिने एकेक करून उघडायला घेतल्या आहेत. आजीचं एक लुगडं सापडलं, काठाला आतून बारीक रफू केलेलं. आई ते टाकायला निघाली होती. भाचीने ते धुऊन, मलमलीत गुंडाळून, वर चिठ्ठी लावून ठेवलं आहे: कुणाचं, कुठल्या साली घेतलं, कुणी रफू केलं. तुमच्याही घरात अशी एखादी ट्रंक असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.